सामुराई मालिकेतील सेप्पुकूचा प्रसंग कसा पाहावा

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ असल्याने सामुराई मालिका चार जणांनी एकत्र पाहण्याचा बेत सहज जमतो. मात्र सेप्पुकूचा, म्हणजे सामुराई योद्ध्याने स्वतःचे पोट चिरून मरण्याचा, प्रसंग असलेला भाग लावण्यापूर्वी सर्वांना तशी कल्पना द्यावी, कारण आत्महत्येचे दुःख कोणाच्या घरात येऊन गेले असेल हे आपल्याला ठाऊक नसते.

प्रसंग पाहताना पहिला प्रश्न विचारावा तो असा, की हा मृत्यू स्वेच्छेचा आहे की आज्ञेचा? एदो काळात (1603 ते 1868) सेप्पुकू ही पुष्कळदा सामुराईला दिलेली शिक्षाच असे. 1701 मध्ये आको संस्थानाचे अधिपती असानो नागानोरी यांनी एदोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्यात शस्त्र उपसले, तेव्हा त्यांना त्याच दिवशी सेप्पुकूची आज्ञा झाली, संस्थान जप्त झाले आणि त्यांचे सेवक निराधार रोनिन, म्हणजे स्वामी नसलेले सामुराई, झाले. वतन गेले की घराण्याचे काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. त्यामुळे मरणाऱ्याच्या चेहऱ्याइतकेच लक्ष मागे बसलेल्या पत्नीकडे, मुलांकडे आणि वारसाच्या नावाकडे द्यावे. माझ्या मते प्रसंगाचा खरा भार तिथेच असतो.

पांढरा पोशाख, अखेरची कविता आणि शिरच्छेद करणारा कैशाकुनिन या खुणा ओळखाव्यात. स्वामीपाठोपाठ मरण्याच्या प्रथेवर शोगुनशाहीनेच, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीनेच, 1663 मध्ये बंदी घातली होती, हेही लक्षात ठेवावे. म्हणजे पटकथा त्या मरणाचा गौरव करते आहे की त्यामागची सक्ती दाखवते आहे, हे पारखता येते.