महाकाय राक्षस घरी चित्रित करताना: सूट कुठे, हातबाहुली कुठे

‘सूट घे नाहीतर बाहुली घे, दोन्हीच्या नादी लागू नकोस’ हा सल्ला मलाही मिळाला होता. तो चुकीचा आहे. (सूट म्हणजे माणसाने अंगात घालायचा राक्षसाचा पोशाख; बाहुली म्हणजे हातात घालून हलवायचं राक्षसाचं डोकं.) १९५४च्या ‘गोजिरा’ (गॉडझिला) या जपानी राक्षसपटाचे स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या एइजी त्सुबुराया यांना ‘किंग काँग’सारखी (१९३३) बाहुली एकेक फ्रेम हलवून काम करायचं होतं. तेवढा वेळ नव्हता, म्हणून सूट आला. तरीही जवळून चेहरा दाखवताना त्यांनी हातबाहुली वापरलीच. चालणं, आपटणं, पाडापाडी सूटची. डोळे, जबडा, मान वळवून बघणं बाहुलीचं. ही वाटणी आधी कागदावर शॉटनुसार लिहून काढा.

शहर पुठ्ठ्याचं, प्रमाण १:२५. म्हणजे सूटमधला २ मीटरचा माणूस ५० मीटरचा ठरतो. कॅमेरा जमिनीपासून ६-७ सेंटिमीटरवर, त्या शहरातल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. सूट फोमचा करा. गोजिराचा पहिला सूट सुमारे १०० किलोचा होता, त्यात तो घालणारे नट हारुओ नाकाजिमा यांना धड चालताही येईना. आतल्या माणसाचं डोकं दर दहा मिनिटांनी मोकळं करा, यात तडजोड नको.

आता वेग. माझे दोन उन्हाळे इथेच गेले. ५० मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला ३ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, २ मीटरवरून पाऊण सेकंदही नाही. फरक पाचपट, म्हणजे २५चं वर्गमूळ. म्हणून सेकंदाला २४ फ्रेमऐवजी १२० फ्रेमने चित्रित करा आणि २४ने दाखवा. पडणारी भिंत लगेच जड वाटते. सूटमधल्या माणसाला मात्र ‘हळू चाल’ असं चुकूनही सांगू नका, कॅमेरा त्याला हळू करणारच आहे. त्याने नेहमीच्या चालीने, टाच आपटत चालावं.

मी बाहुलीही १२०नेच घेतली आणि सगळं बिघडलं. पाऊल पडलं की जमीन हादरल्यासारखी वाटायची, पण पुढच्याच शॉटमध्ये तोच राक्षस चिमणीसारखी मान वळवायचा. बाहुलीचं डोकं सूटच्या डोक्याच्या चौथाईएवढं होतं, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. तिचं प्रमाण १:१००, १००चं वर्गमूळ १०, म्हणून तिला २४च्या दहापट, २४० फ्रेम हव्यात. बऱ्याच नव्या फोनमध्ये ती सोय असते. हाताचा कंपही त्यात विरून जातो.

२४०ला उजेड भरपूर लागतो आणि घरचे स्वस्त एलईडी दिवे त्यात लुकलुकताना दिसतात. गच्चीवर उन्हात चित्रित करा.

जबडा फक्त अंगठ्याने उघडा. वरची चार बोटं हलली की कवटीच उचलली जाते आणि बाहुली ‘बोलायला’ लागते. मनगट मोडू नका, मान कोपरापासून वळवा. अर्ध्या सेकंदाची एक सलग हालचाल पडद्यावर पाच सेकंद चालते, तेवढी पुरे.

जोड हालचालीच्या मध्यात द्या. सूटची मान डावीकडे वळायला लागली की तोडा, उरलेलं वळण बाहुलीवर पूर्ण करा. ऊन दोन्ही शॉटमध्ये एकाच गालावर पडलेलं असू द्या.