आईच्या खोलीची फरशी गरम करायची, तर कोबा पडायच्या आधी

पहिले दार मोजा. खाली तीन सेंटिमीटर थर्मोकोल (पॅकिंगचं नव्हे, पायाने दाबलं तरी न बसणारं), वर साडेसहा सेंटिमीटर कोबा (त्यातच पुरलेल्या पाइपमधून पंपाने गरम पाणी फिरवायचं), त्यावर फरशी. खोली चार इंच वर येते. दार खालून कापावं लागतं आणि उंबऱ्याशी पायरी तयार होते. आईचे गुडघे थंडीत आखडतात म्हणून हा खटाटोप, अन् त्याच पायरीला तिचा पाय अडायचा. तिथे उतार काढून घ्या.

नागपुरात हे कायले, असं शेजारी विचारतीलच. 29 डिसेंबर 2018 ला इथे पारा 3.5 अंशांवर आला होता, पण अशा रात्री थोड्याच. म्हणून अख्खं घर नको, एक खोली पुरे.

बारा चौरस मीटरच्या खोलीत 16 मिलिमीटरची पेक्स (गरम पाणी सोसणारी प्लास्टिकची) पाइप 15 सेंटिमीटरच्या अंतराने फिरवली, तर 80 मीटर लागते. ती अखंड आणा. कोब्याखाली एकही सांधा नको. पाइप ऑक्सिजन अडवणारीच मागा, नाहीतर आतून पंप गंजतो. गोदरेज कपाट कुठे राहणार ते आधीच ठरवा, त्याखाली पाइप नको. भिंतीच्या कडेने फोमची पट्टी लावा, कारण गरम झालेला कोबा पसरतो.

आता मिस्त्री. कोबा घालायच्या आधी पाइपमध्ये पाणी भरून 6 बारचा दाब द्या आणि तो दाब तसाच ठेवून कोबा घाला. मी घमेली जाताना दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत उंबऱ्यावर बसलो होतो. फावड्याचा कोपरा पाइपला लागला, काटा खाली यायला लागला, तेव्हा कुठे कळलं. ओला कोबा उकरून पाइप नवी, अखंडच टाकली. वाळल्यावर कळलं असतं तर फरशी फोडावी लागली असती. पाइप उघडी असतानाच टेप धरून फोटोही काढून ठेवा.

दसऱ्याच्या सुमारास कोबा पडला तर बरं. सिमेंटच्या कोब्याला 21 दिवस उष्णता द्यायची नसते. मग तीन दिवस 25 अंशांचं पाणी सोडा, नंतर वाढवा.

उष्णता गच्चीवरच्या सोलरची घेता येते. 200 लिटर पाणी 55 वरून 35 अंशांवर आलं की साधारण साडेचार युनिट उष्णता मिळते. 600 वॅट लागणाऱ्या खोलीची सात-साडेसात तासांची सोय. सकाळी आंघोळीला मात्र कोमटच उरेल, तेव्हा टाकी वेगळी घ्या. बोअरचं जड पाणी पाइपमध्ये नको; टाकीतल्या कॉइलमधून (गुंडाळलेल्या नळीतून) फक्त उष्णता घ्यायची. मिक्सिंग व्हॉल्व्हवर (गरम पाण्यात थंड मिसळून देणाऱ्या) कंजुषी करू नका. पाइपमध्ये 45 च्या वर पाणी जाऊ नये आणि फरशी 29 अंशांच्या आत राहावी, त्यापुढे तळपायाला नकोसं होतं.

होळीनंतर बंद करा, पण पाणी काढू नका. कूलर चालू असतानाही महिन्यातून एकदा पंप पाच मिनिटं फिरवा, नाहीतर दिवाळीला जाम झालेला सापडतो.