राज्याभिषेकाचा मग घेताना आधी तारीख वाचावी

ब्रिटिश राजांच्या राज्याभिषेकानिमित्त निघालेले चिनी मातीचे जुने मग जमवू पाहणाऱ्याने राजाच्या चित्राला भुलण्याआधी त्यावर छापलेली तारीख वाचावी. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी व्हायचा होता. परंतु ऐन वेळी राजाच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागल्याने तो ९ ऑगस्टला पार पडला, आणि तोवर जूनची तारीख घातलेले मग ढिगाने तयार झाले होते. म्हणूनच 'चुकीच्या' तारखेचा मग सहज मिळतो, ऑगस्टचा मात्र शोधावा लागतो. आठव्या एडवर्डने तर डिसेंबर १९३६ मध्येच राजत्याग केला. तरीही १२ मे १९३७ या ठरलेल्या तारखेचे त्याचे मग भरपूर उपलब्ध आहेत. "न झालेल्या समारंभाचा दुर्मीळ मग" असे सांगून कोणी चढा भाव मागितला, तर हसून पुढे जावे.

तारीख पटली की तो मग तळहातावर मोकळा ठेवून काठाला नखाने हलकी टिचकी मारावी. बोन चायनाचा धड मग खणखणतो, चीर गेलेला बद्द वाजतो. जाड मातीचा मग मुळातच कमी वाजत असल्याने त्याच्या बाबतीत आवाजावर फार भिस्त ठेवू नये. मगाचा कान जिथे जोडलेला असतो, त्या सांध्यावर अंधारात अतिनील टॉर्च धरावा, म्हणजे झिलईखाली दडवलेली डागडुजी बहुतेक वेळा वेगळ्या रंगाने उजळून दिसते. काठावरची सोनेरी रेघ झिजलेली असल्यास भाव निःसंकोचपणे पाडून मागावा.