होमस्कूलिंग करणाऱ्या आईची दमछाक नेमकी कुठे होते? या चुका टाळा

मूल शाळेत जात नाही म्हणजे घरात दिवसभर मूल, दिवसभर अभ्यास आणि दिवसभर स्वयंपाकघर, असं तिन्ही एकाच वेळी चालू. अनेक घरांत होमस्कूलिंग सोडून द्यावं लागतं ते मूल शिकत नाही म्हणून नाही, तर आईचा दिवस चुकीच्या पद्धतीने बांधलेला असतो म्हणून. इथल्या बहुतेक चुका त्या बांधणीतल्याच आहेत. शेवटी कागदपत्रांबद्दल लिहिलं आहे, कारण तिथली चूक बऱ्याचदा दहावीच्या तोंडावर लक्षात येते.

शाळेचं वेळापत्रक घरी लावणं

सुरुवातीला भिंतीवर आठ तासिकांचा तक्ता लागतो. दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या तासिकेला सिलिंडर येतो, पाचवीला धाकटं उठतं, आणि संध्याकाळी आईला वाटतं की आपण निम्मंही केलं नाही. खरं तर तक्ताच चुकीचा असतो. चाळीस मुलांच्या वर्गात हजेरी, वह्या तपासणं, फळ्यावरचं उतरवून घेणं, गप्प बसवणं यात बराच वेळ जातो. घरी एकास एक शिकवताना तो वेळ लागतच नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलाला बसून करायचा अभ्यास रोज तासभर पुरतो, तोही पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला साधारण दोन तास, एका बैठकीला पंचवीस मिनिटं. बारा-तेराव्या वर्षी तीन तास, आणि त्यातला निम्मा वेळ मुलाने एकट्याने काम करण्याचा. वाचन, चित्रं, खेळ, बाजारहाट, घरातली कामं या वेळेत धरायची नाहीत. ती दिवसभर होतच असतात.

वेळापत्रक घड्याळावरून बांधू नका, घरातल्या न हलणाऱ्या गोष्टींवरून बांधा. नळाला पाणी कधी येतं, डबा किती वाजता जातो, भांड्यांच्या मावशी कधी येतात, धाकटं कधी झोपतं, हे आधी एका कागदावर लिहा. समजा पाणी साडेसहा ते साडेसात येतं, डबा साडेआठला जातो आणि मावशी अकराला येतात. मग पावणेनऊ ते पावणेअकरा ही सलग दोन तासांची जागा तुमची. अवघड विषय तिथेच बसवा, दुपारी जेवणानंतर नको. दुपारी गोष्टी वाचून दाखवा, नकाशे रंगवा, मातीकाम करा.

कुकर लावून शिकवायला बसणं

ही चूक लहान दिसते, पण चिडचिडीचं मोठं कारण हीच असते. एक कान शिट्ट्यांकडे, एक मुलाच्या वाचनाकडे. मूल "पुढे काय?" विचारतं आणि आई नेमकी उठलेली असते. दोन-तीनदा असं झालं की मूलही उठायला शिकतं.

डाळ-तांदूळ धुऊन कुकरमध्ये भरून ठेवा, पण गॅस पेटवायचा तो बैठक संपल्यावर. वाफ जिरेपर्यंत धरून अर्ध्या-पाऊण तासात वरण-भात होतो, तेवढ्यात भाजीही होते. कणीक रात्री मळून, वरून तेलाचा हात फिरवून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे ती काळपट पडत नाही आणि वरचा पापुद्रा सुकत नाही. भाजी आदल्या संध्याकाळी मुलांकडूनच निवडून घ्या. गवार, घेवडा, मटार ही मुलांना जमणारी कामं आहेत. वाटाण्याच्या शेंगा सोलताना दाण्यांचे दहा-दहाचे ढीग लावून घेतले तर पहिलीच्या मुलाचं त्या दिवसाचं गणितही तिथेच होतं.

दोन मुलं असताना मोठ्यापासून सुरुवात करणं

मोठ्याचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो म्हणून त्याला आधी घेतलं जातं, आणि धाकटं दर तीन मिनिटांनी काहीतरी घेऊन येतं. उलट करा. मोठ्याला आधी एकट्याने करण्याजोगं काम द्या: कालच्या प्रकारची सहा गणितं किंवा पाच ओळी शुद्धलेखन. त्या वेळात धाकट्याला पूर्ण पंधरा मिनिटं मांडीवर घ्या, फोन नाही, उठायचं नाही. आईचं लक्ष एकदा पोटभर मिळालं की ते एकटं खेळायला तयार होतं. मग मोठ्याकडे वळा. धाकट्यासाठी ठोकळे, कणकेचा गोळा, जुनी मासिकं आणि बोथट कात्री असा एक वेगळा डबा ठेवा आणि तो फक्त या वेळेतच काढा. दिवसभर हाताशी असला तर चार दिवसांत त्याचं आकर्षण संपेल.

इतिहासाच्या गोष्टी, परिसर अभ्यास, कविता दोघांना एकत्रच घ्या. मोठ्याने त्यावर चार ओळी लिहायच्या, धाकट्याने चित्र काढायचं.

चुकीवर फुली मारून पुढे जाणं

एकास एक शिकवण्याचा सगळ्यात मोठा फायदा घाईत वाया जातो तो इथे. मुलाचं उत्तर चुकलं यापेक्षा ते कसं चुकलं हे महत्त्वाचं. 402 वजा 167 हे गणित घ्या. बरोबर उत्तर 235. मुलाने 365 लिहिलं असेल, तर एकक, दशक, शतक अशा प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: सातातून दोन, सहातून शून्य, चारातून एक. त्याला दशक सुटा करणं अजून कळलेलंच नाही. पण 245 लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याला सुटं करणं कळलं आहे, फक्त शतक सुटं करून मिळालेल्या दहा दशकांपैकी एक एककांकडे गेलं आणि नऊच उरली, हे निसटलं आहे. पहिल्या मुलाला मागच्या वर्षाच्या दोन अंकी वजाबाकीकडे न्यावं लागेल. दुसऱ्याला एवढी एकच पायरी दाखवली की पुरे.

दाखवायची ती पैशांनी. शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी मुलाच्या हातात द्या आणि 167 रुपये मागा. खऱ्या नोटा नसतील तर कागदाच्या चालतील. एक शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा, त्यातली एक मोडून रुपयाची दहा नाणी. आता समोर तीन शंभराच्या, नऊ दहाच्या आणि बारा नाणी. 167 दिल्यावर उरतात 235. हे मुलाने स्वतःच्या हाताने तीन-चारदा केल्याशिवाय वहीत उभी मांडणी लिहायला लावू नका.

मराठीतून शिकणाऱ्या मुलांची आणखी एक चूक नेहमी दिसते: बावन्न ऐकून 25 लिहिणं. संख्येच्या नावात आधी दोन ऐकू येतात, पन्नास नंतर, म्हणून हात तसाच चालतो. ती बेफिकिरी नाही, त्यावर रागावू नका. याच अडचणीसाठी बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची रीत दिली आणि त्यावर मोठा वादही झाला. वादाचं काही असो, घरी ही रीत उपयोगी पडते. काही आठवडे "पन्नास दोन, म्हणजे बावन्न" असं दोन्ही म्हणवून घ्या आणि दशकाचा अंक रंगीत पेन्सिलीने लिहायला सांगा.

पुढे जायचं की थांबायचं, याचा साधा हिशोब ठेवा. दहा गणितांत चूक नाही तर प्रकार बदला. एक-दोन चुकली तर उद्या तोच प्रकार, पण कमी. चार किंवा जास्त चुकली तर मागच्या पायरीवर जा. अजून वीस गणितं देऊ नका.

"नाही करणार" ऐकल्यावर वाद घालणं

मूल अभ्यासाला नकार देऊ लागलं की तीन दिवस फक्त नोंद ठेवा: किती वाजता, कोणत्या विषयाला, त्याआधी काय खाल्लं होतं. रोज ठरावीक वेळेलाच नकार येत असेल तर भूक किंवा झोप तपासा. एकाच विषयाला येत असेल तर पातळी चुकली आहे. फक्त लिहिण्याला येत असेल, तर उत्तरं तोंडी घ्या आणि पेन्सिलीची पकड बघा. आणि आईने घरातलं दुसरं काम हातात घेतलं की नकार येत असेल, तर मुलाला आई हवी आहे, अभ्यासाशी त्याचा संबंध नाही.

महिन्याभरात कपाटभर पुस्तकं आणणं

पहिल्या तीन महिन्यांत एक गणिताचं पुस्तक, एक भाषेचं आणि गावातल्या वाचनालयाचं सभासदत्व एवढं पुष्कळ आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या वेबसाइटवरून आणि एनसीईआरटीची त्यांच्या वेबसाइटवरून मोफत उतरवून घेता येतात. सगळी छापू नका, चालू धड्यापुरती पानं छापा. यूट्यूबवरचे व्हिडिओ आदल्या रात्री पाहून, निवडून ठेवा आणि ऑटोप्ले बंद करा. दहा मिनिटं पाहिल्यावर मुलाने ते तोंडी सांगितलं नाही, तर ती दहा मिनिटं अभ्यासात धरू नका.

सगळं एकटीने ओढणं

"जरा मदत कर ना" याने कुणाचंच काम ठरत नाही. विषय वाटून द्या. मंगळवार-शुक्रवारचे विज्ञानाचे प्रयोग बाबांचे, सामान जमवण्यापासून पसारा आवरेपर्यंत. रात्रीचं वाचन त्यांचं. आजोबांकडे रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र, आजीकडे पाढे. "शाळेत का घालत नाही?" असं विचारणारे आजी-आजोबाही मुलाला स्वतः शिकवू लागले की त्याची प्रगती रोज डोळ्यांनी बघतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

नातेवाइकांच्या फोनचं म्हणाल, तर आई घरीच असते म्हणजे मोकळी असते असं सगळे धरून चालतात. "आत्या, साडेअकरानंतर मीच करते फोन," एवढं एकदा प्रेमाने सांगा आणि त्या दोन तासांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

वर्षाचं नियोजन करतानाही बावन्न आठवडे धरू नका. गणपती, दिवाळी, गावची जत्रा, मे महिना, आजारपणं वजा जाता छत्तीस-अडतीस आठवडेच हाती राहतात. तेवढ्यातच पुस्तक बसवा, म्हणजे सणाच्या दिवशी मागे पडल्याची टोचणी लागत नाही.

कागदपत्रं पुढे ढकलणं

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे आणि त्याच्या कलम 10 मध्ये मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. होमस्कूलिंगला वेगळी मान्यता देणारी तरतूद त्यात नाही. शाळाबाह्य मुलांची सर्वेक्षणंही होतात. 4 जुलै 2015 ला राज्यभर एका दिवसाचं झालं होतं. म्हणून मूल शिकतं आहे हे दाखवणारी नोंद हाताशी हवी. दोनशे पानी वहीत रोज तारीख आणि तीन ओळी: काय घेतलं, काय जमलं, काय राहिलं. शुक्रवारी वह्यांच्या चार पानांचे फोटो. पाच मिनिटांचं काम आहे, पण रविवारवर ढकललं की पाच आठवड्यांचं साचतं.

मूल आधी शाळेत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. नाव, जन्मतारीख, जातीचा उल्लेख तिथेच उभं राहून तपासा आणि जन्मदाखला व आधारशी जुळवा. पुढे राज्य मंडळाची दहावी 17 नंबर फॉर्म भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून द्यायची झाली तर हा दाखला लागतो, जातीच्या प्रमाणपत्रालाही तो पुरावा म्हणून चालतो.

दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथे दहावीच्या प्रवेशासाठी वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत. आठवीचं प्रमाणपत्र नसेल तर स्वतःचं घोषणापत्र चालतं. किमान पाच विषय घ्यावे लागतात. नोंदणी पाच वर्षं टिकते, त्यात नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही, त्यामुळे सगळे विषय एकाच वेळी देण्याचा हट्ट नको. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. इथे दोन चुका वारंवार होतात. एक, एप्रिलच्या परीक्षेची नोंदणी जानेवारीत करायला जाणं. ती आधीच्या वर्षीच करावी लागते. दुसरी, टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांकडे दुर्लक्ष. त्यांना 20 टक्के भार असतो आणि त्यांची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते.

होमस्कूलिंग नकोसं झालं तर परतीची वाटही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार शाळेत न गेलेल्या किंवा मधूनच सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. त्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर ती दोनशे पानी वही, जन्मदाखला आणि आधार एकाच फाइलमध्ये असू द्या, म्हणजे मुलाला नेमकं काय येतं हे त्यांना लगेच दाखवता येईल.