मुंबईच्या लहान घरात वॉशर-ड्रायर बसवताना आणि वापरताना

मुंबईत पाऊस साधारणपणे 11 जूनच्या सुमारास दाखल होतो आणि त्यानंतरचे तीन-साडेतीन महिने दोन खोल्यांच्या घरात कपडे वाळवणे हे रोजचे संकट होऊन बसते. खिडकीच्या गजांवर, दारामागच्या खुंटीवर, पंख्याखाली उघडलेल्या स्टँडवर कपडे लटकत राहतात आणि शाळेचा गणवेश तिसऱ्या दिवशीही हाताला दमट लागतो. धुणे आणि वाळवणे ही दोन्ही कामे एकाच ड्रममध्ये करणारा वॉशर-ड्रायर अशा घरासाठी खरोखर उपयोगाचा आहे, कारण तो एकाच यंत्राच्या जागेत बसतो आणि दमट हवा बाहेर सोडण्यासाठी भिंतीला भोक पाडावे लागत नाही. मात्र यंत्र घरात येण्यापूर्वी जागा, वीज, पाणी आणि निचरा या चारही गोष्टी तयार असल्या पाहिजेत; यंत्र आल्यावर बघू, असे म्हटले की पुढचा मनस्ताप ठरलेला असतो.

आधी टेप घेऊन मापे घ्यावीत. बहुतेक फ्रंट लोड यंत्रे 60 सेंटिमीटर रुंद आणि 85 सेंटिमीटर उंच असतात. खोली मात्र मॉडेलनुसार बदलते आणि तिच्यात मागच्या पाइपांसाठी आणखी पाच ते दहा सेंटिमीटर धरावे लागतात. मुंबईत अनेकांच्या मनात ओट्याखालची जागा असते आणि तिथेच फसगत होते. ओटा वरपर्यंत 34 इंच असला, तरी ग्रॅनाइट आणि त्याखालचा कडाप्पा यांची जाडी वजा केल्यावर आत जेमतेम 32 इंच उरतात आणि यंत्राला साडेतेहतीस इंच लागतात. ड्राय बाल्कनी असेल तर माझ्या मते तीच जागा उत्तम, फक्त पावसाची झड यंत्रावर आणि प्लगवर येणार नाही, अशी झडप किंवा सरकती काच लावून घ्यावी. बाथरूममध्ये ठेवण्यावाचून इलाज नसेल, तर दाराची रुंदी चौकट वगळून मोजावी आणि विजेचा बोर्ड बाथरूमच्या बाहेर काढावा. यंत्राचे वजन 65 ते 80 किलो असते, म्हणून लिफ्ट आणि जिन्याचे वळणही खोक्याच्या मापाने तपासावे.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. वाळवताना हीटर सुमारे 2000 वॅट खेचतो, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, आणि तेही दोन-तीन तास. साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर हे यंत्र कधीही चालवू नये. वायरमनकडून मुख्य बोर्डापासून किमान 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची स्वतंत्र लाइन, 16 अँपिअरचे सॉकेट आणि तेवढाच एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, बसवून घ्यावा. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल, तर तोही याच वेळी लावावा. जुन्या चाळींत आणि जुन्या इमारतींत बोर्डाला तीन भोके दिसतात, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, म्हणून वायरमनला मीटर लावून अर्थिंग दाखवायला सांगावे. एसी आणि गीझर आधीच असतील, तर मंजूर भार पुरतो का, हे वीजबिलावर पाहावे आणि कमी पडत असल्यास तुमची वीज बेस्टची असो, अदानीची, टाटाची किंवा महावितरणची असो, भार वाढवण्याचा अर्ज आधी करावा.

पाण्याबद्दलची एक गोष्ट खरेदीच्या वेळी सहसा कोणी सांगत नाही. यांतल्या बऱ्याच यंत्रांना वाळवतानाही पाणी लागते, कारण कपड्यांतून निघालेली वाफ थंड पाण्याच्या बारीक धारेने पुन्हा द्रवरूप केली जाते. सोसायटीत पाणी ठरावीक वेळेपुरतेच सोडले जात असेल आणि धुण्या-वाळवण्याचे चक्र पाच-सहा तासांचे असेल, तर नळ बंद होताच यंत्र अर्ध्यावर थांबते. म्हणून घरातल्या टाकीवरून जोडणी घ्यावी किंवा चक्राची वेळ पाण्याच्या वेळेशी जुळवावी. दाबाचाही विचार हवा. अनेक यंत्रांना किमान 0.3 बार दाब लागतो, म्हणजे टाकीतले पाणी नळापेक्षा निदान तीन मीटर उंच असावे; गच्चीखालच्या शेवटच्या मजल्यावर आणि घरातल्या माळ्यावरच्या टाकीवर एवढी उंची मिळत नाही, तिथे छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो. तानसा, भातसा, वैतरणा या जलाशयांतून येणारे महापालिकेचे पाणी मृदू असल्याने हीटरवर क्षार फारसे धरत नाहीत, पण ज्या सोसायट्या टँकरवर किंवा बोअरवेलवर चालतात, त्यांनी क्षार काढण्याची पावडर नियमित वापरावी.

निचऱ्याच्या बाबतीतला आमच्याच घरचा अनुभव सांगते. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने ड्रेन पाइप सरळ जमिनीवर सोडून त्याचे टोक नहाणी ट्रॅपमध्ये खोचले आणि तो निघून गेला. दीड तासाने सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे मघापासून नुसतं पाणी पितंय.” खरोखरच ड्रममध्ये आलेले पाणी त्याच क्षणी खालून वाहून जात होते आणि यंत्र पुन्हा पुन्हा भरत होते. पाइपचे टोक ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असले आणि घट्ट खोचलेले असले, की वक्रनलिकेसारखे पाणी ओढले जाते. पाइप जमिनीपासून 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवरून वळवावा, सोबत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या आकड्यात अडकवावा आणि टोकाभोवती हवेला वाट ठेवावी. आम्ही तेवढे केले आणि यंत्र त्याच संध्याकाळी नीट चालू लागले. हे पाणी पावसाळी पाइपात सोडू नये, ते सांडपाण्याच्या लाइनलाच गेले पाहिजे. आणि नव्या जोडणीसाठी फरशी फोडायची असेल, तर वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घ्यावे, नाहीतर खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल येते.

यंत्र सुरू करण्याआधी मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट, पान्ह्याने काढावेत आणि जपून ठेवावेत, कारण घर बदलताना ते पुन्हा लावावे लागतात. चारही पाय स्पिरिट लेव्हल ठेवून समतल करावेत.

वापरताना सर्वांत जास्त चूक होते ती कपड्यांच्या मापात. यंत्रावर 8 किलो लिहिलेले असते ते धुण्यासाठी. वाळवण्याचा आकडा वेगळा असतो आणि तो बहुधा 5 किलो असतो. भरगच्च ड्रममध्ये गरम हवा फिरत नाही, कपडे चुरगळतात आणि चार तासांनंतरही शिवणी ओल्याच राहतात. सुरुवातीचे काही दिवस सुके कपडे प्रवासी बॅगेच्या काट्यावर तोलून पाहावेत: एक जीन्स साधारण पाऊण किलोची आणि मोठा टॉवेल अर्ध्या किलोचा भरतो, हे एकदा हाताला कळले की पुढे तोलावे लागत नाही. जास्त कपडे धुतले असतील, तर धुणे संपल्यावर निम्मे बाहेर काढावेत. वाळवण्याआधी 1200 किंवा 1400 फेऱ्यांचा स्पिन द्यावा, कारण एक लिटर पाण्याची वाफ करायलाच सुमारे 0.63 युनिट वीज लागते आणि स्पिनने निघालेले पाणी त्यामानाने जवळजवळ फुकट निघते. ऊन असेल त्या दिवशी दोरीच वापरावी.

पैठणी, जरीचे काठ, रेशीम, लोकर आणि रेनकोट ड्रायरमध्ये टाकू नयेत. तेलकट फडकी आणि बाळाच्या मालिशचे कपडे तर अजिबात नकोत, कारण तेल पूर्ण निघालेले नसेल, तर गरम कपड्यांच्या ढिगात ते आपोआप पेट घेऊ शकते. याच कारणाने शेवटची थंड हवेची दहा-पंधरा मिनिटे संपण्याआधी यंत्र बंद करू नये.

वाळवल्यावर दाराच्या रबरावर राखाडी लव चिकटते, ती ओल्या फडक्याने पुसावी आणि दार थोडे उघडे ठेवावे. पाणी येणाऱ्या पाइपची बारीक जाळी गढूळ पाण्याच्या दिवसांत जुलै-ऑगस्टमध्ये दोनदा तरी धुवावी. पुढच्या बाजूला खाली असलेला पंपाचा फिल्टर महिन्यातून एकदा उघडावा; आत नाणी, सेफ्टी पिना आणि लवेचा बोळा सापडतो. झाकण पुन्हा घट्ट लावल्यावर खाली वर्तमानपत्र पसरून एक रिन्स चालवावा आणि कागद कोरडा राहिला, तरच कपडे आत टाकावेत.