घरच्या मेजवानीसाठी वाइन-व्हिस्की निवडताना

घरी आठ-दहा जणांचं जेवण ठरलं, सोबत चांगली वाइन आणि एखादी नामांकित व्हिस्की ठेवायची असं मनात आलं, की पावलं थेट दुकानाकडे वळतात आणि नजर सगळ्यात महागड्या बाटलीवर जाते. दुकानात जायच्या आधी बरंच काही ठरवून ठेवावं लागतं. आणि दुकानात गेल्यावरही, बाटली कुठल्या देशाची यापेक्षा ती पुण्यापर्यंत कशी आली आणि इथल्या उकाड्यात कशी राहिली, हे मी आधी बघेन.

सुरुवात कॅलेंडरपासून. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी हे ड्राय डे. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही दुकानं बंद. म्हणून खरेदी निदान आठवडाभर आधी उरकावी. प्रवासात ढवळलेल्या जुन्या रेड वाइनचा गाळ खाली बसायलाही तेवढा वेळ मिळतो. दारू पिण्याचा परवाना काढलेला नसेल तर तोही आधी काढावा. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा पाहुण्यांत कॉलेजमधली भाचरं असतील तर हे लक्षात असू द्या.

मग माणसं मोजा. ७५० मिलीच्या वाइनच्या बाटलीत साधारण पाच ग्लास भरतात, तेवढ्याच व्हिस्कीचे ६० मिलीचे बारा पेग. न पिणाऱ्यांसाठी ताजी सोलकढी किंवा कोकम सरबत तितक्याच चांगल्या ग्लासांतून द्यायचं, हे याच वेळी ठरवून टाका.

त्यानंतर जेवण, आणि इथे घाई करू नका. मटणाचा झणझणीत रस्सा असेल तर फ्रान्समधल्या बोर्दोची किंवा इटलीतल्या बारोलोची तुरट, भारदस्त रेड वाइन आणू नका. तिखटाने तो तुरटपणा आणखी टोचतो, अल्कोहोलची आग वाढते आणि महागडी वाइन कडू लागते. अशा जेवणाला जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली किंचित गोडसर रिस्लिंग ही व्हाइट वाइन फार छान जाते, कारण तिच्यात अल्कोहोल कमी, आंबटपणा भरपूर आणि तिखट शमवण्यापुरती गोडी असते. चिंच-गुळाच्या अळूवडीबरोबरही हीच. सुरमई तळणार असाल तर सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षाची व्हाइट वाइन. भरली वांगी, गोडा मसाला, दाण्याचं कूट असा बेत असेल तर रेड चालेल, पण हलकी: पिनो न्वार किंवा ग्रनाश द्राक्षाची.

आता लेबल वाचायची तयारी. फ्रान्स, इटली, स्पेनच्या पारंपरिक बाटल्यांवर बहुतेक वेळा गावाचं किंवा प्रदेशाचं नाव असतं, द्राक्षाचं नसतं. शाब्ली म्हणजे शार्दने, सांसेर व्हाइट असेल तर सोव्हिन्यों ब्लां, कियांतीत मुख्यतः सांजोव्हेझे, बारोलोत नेबियोलो, रिओहाच्या रेडमध्ये बहुतांशी तेम्प्रानियो. एवढं मोबाइलमध्ये टिपून ठेवलं तरी दुकानात अडायला होत नाही. ‘ड्राय’ म्हणजे गोडी नसलेली, पण फेसाळत्या वाइनवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेलं असेल तर ती ‘ब्रूट’ लिहिलेल्या वाइनपेक्षा गोड असते, इथे पुष्कळ जण फसतात. आणि किमतीवरून दर्जा ठरवू नका. परदेशी बाटलीच्या किमतीतला मोठा वाटा करांचा असतो.

दुकानात पाऊल टाकताच एसीकडे लक्ष द्या. एप्रिल-मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि वाइनला बारा-चौदा अंशांची सवय असते. बाटल्या काचेच्या दर्शनी कपाटात उन्हात उभ्या असतील तर तिथून वाइन घेऊच नका, नाव कितीही मोठं असो. बाटली हातात घेऊन बुचाच्या आवरणावरून अंगठा फिरवा. बूच कडेच्या वर आलेलं जाणवलं, आवरणाखाली चिकट ओघळ दिसला, किंवा ताज्या सालातली असूनही वाइनची पातळी मानेच्या खाली उतरलेली असली, तर बाटली तापली असल्याची दाट शक्यता असते. निमूट परत ठेवा. आयातदाराचं लेबल आणि उत्पादन शुल्क विभागाचं होलोग्राम आहे ना, हेही तिथेच तपासा.

याच कारणासाठी मी जवळच्या वाइनची बाजू घेते. नाशिकची किंवा अकलूजची बाटली समुद्र ओलांडून, बंदरातल्या तापलेल्या कंटेनरमध्ये थांबून आलेली नसते. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात १९८०च्या दशकात ‘ओमर खय्याम’ नावाची फेसाळती वाइन तयार होऊन परदेशात विकली जात होती, म्हणजे ही परंपरा आता तशी नवखी राहिलेली नाही. जगभरच्या चार बाटल्यांत एक इथली ठेवाच. पाहुण्यांना तुलना करता येते आणि गप्पांना विषय मिळतो.

व्हिस्की उकाड्याने वाइनइतकी लवकर बिघडत नाही, पण तिलाही ऊन सोसत नाही. वाइनची बुचाची बाटली आडवी ठेवा, व्हिस्कीची मात्र उभी, नाहीतर कडक अल्कोहोल बूच खातं. स्कॉचच्या लेबलवर ‘१२ वर्षं’ असेल तर त्या बाटलीतली सगळ्यात कोवळी व्हिस्की बारा वर्षांची असते. अमेरिकेच्या बूरबॉन व्हिस्कीमध्ये निदान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेली नवी ओक पिंपं, म्हणून ती गोडसर, व्हॅनिलाच्या वासाची. कोन्याक या फ्रेंच ब्रँडीत व्हीएसओपी म्हणजे पिंपात किमान चार वर्षं आणि एक्सओ म्हणजे दहा. टकीला घ्यायची तर ‘१०० टक्के अगावे’ (टकीला ज्या वनस्पतीपासून करतात ती) हे शब्द शोधा. भारतीय सिंगल माल्टचं (एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीचं) वय मात्र स्कॉचच्या मापाने मोजू नका. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळूरच्या हवेत दहा टक्क्यांच्याही वर. तिथे ती पाच-सहा वर्षांतच भरपूर मुरते. बहीण किंवा मित्र परदेशातून येणार असेल तर माणशी दोन लिटर शुल्काशिवाय आणता येतं. इथे सहज मिळणाऱ्या ब्रँडवर ती मुभा घालवू नका, एखाद्या छोट्या डिस्टिलरीची बाटली सांगा.

शेवटची तयारी घरातली. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची म्हणतात, ती खोली युरोपातली. आपल्याकडे रेडही वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, व्हाइट दोन-तीन तास. फ्रिजमधल्या लसणाच्या चटणीचा वास बर्फाला लागतो, म्हणून बर्फ झाकणाच्या ट्रेमध्ये, गाळलेल्या पाण्याचा. कॉर्कस्क्रू आदल्या दिवशी शोधून ठेवा. ग्लास साबणाचा वास जाईपर्यंत गरम पाण्याने धुवा. फेसाळत्या वाइनच्या बाटलीत सुमारे सहा वातावरणांचा दाब असतो, म्हणून तोंड माणसांपासून दूर धरा आणि बूच घट्ट पकडून बाटली फिरवा. चखण्याला सुरुवातीला खारे दाणे आणि चीज पुरे, मसाला पापड नंतर. गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची परतीची कॅब किंवा मुक्कामाची सोय आधीच विचारून पक्की करा.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. रेड असो वा व्हाइट, दोन-तीन दिवसांत संपवा, त्यापुढे ती रश्शात घालायलाच बरी.