डायनोचा कागद कसा वाचावा: स्पोर्ट्स कारच्या अश्वशक्तीचा हिशेब

टोयोटा जीटी८६ च्या माहितीपत्रकात ७००० आरपीएमला (इंजिनचे दर मिनिटाचे फेरे) २०० अश्वशक्ती असा आकडा आहे. तीच गाडी, कोणताही बदल न करता, चॅसिस डायनोवर, म्हणजे चाके रोलरवर फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली की कागदावर साधारण १७० च्या आसपासचा आकडा उमटतो आणि मालकाचा चेहरा उतरतो. वास्तविक दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कंपनीचा आकडा चाचणी-बाकावर बसवलेल्या इंजिनच्या क्रँकशाफ्टवर (शक्ती बाहेर देणाऱ्या मुख्य दांड्यावर) मोजलेला असतो, तर चॅसिस डायनो गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि टायर यांनी आपापला वाटा घेतल्यानंतर चाकांवर जे उरते तेवढेच मोजतो.

या मधल्या गळतीसाठी १५ टक्क्यांचा ठोकताळा प्रचलित आहे आणि बरेच जण चाकांवरच्या आकड्याला ०.८५ ने भागून क्रँकचा आकडा काढतात. हा हिशेब जपूनच वापरावा. गळतीचा काही भाग वेगावर, काही भाग भारावर अवलंबून असतो. टर्बो बसवून इंजिनची शक्ती दुप्पट केली म्हणून गिअरबॉक्समधले तेल दुप्पट शक्ती खात नाही. शिवाय टायरमधील हवा, गाडी रोलरवर किती घट्ट आवळली आहे, तेल किती तापले आहे, यांवरही ती बदलते. माझ्या मते चाकांवरचा आकडा चाकांवरच्याच आकड्याशी ताडून पाहावा. भागाकार करून मिळवलेली क्रँकची अश्वशक्ती मुख्यतः गाडी विकताना उपयोगी पडते.

त्यानंतर डायनो कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे. डायनोजेटच्या परिचित यंत्रांत ठरावीक जडत्वाचा मोठा ड्रम असतो आणि गाडी तो किती झपाट्याने फिरवते यावरून शक्ती काढली जाते. येथे टॉर्क (फिरवण्याचे बल) थेट मोजला जात नाही, तो शक्ती आणि इंजिनचे आरपीएम यांवरून काढला जातो. म्हणून आरपीएमचा सिग्नल चुकीचा मिळाला तर अश्वशक्ती बरोबर येऊनही टॉर्कचा आकडा भलताच येतो. याच प्रकारात हलकी चाके बसवल्यावर शक्ती थोडी वाढल्यासारखी दिसते, कारण चाके फिरवण्यात खर्च होणारी शक्ती ड्रमपर्यंत पोहोचलेली नसते. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच वेगाने चढत असल्याने फ्लायव्हीलचे जडत्व अधिक शक्ती गिळते. त्यामुळे गाडीतील बदलाआधीचा रन (डायनोवरची एक मोजणी) पाचव्या गिअरमध्ये आणि नंतरचा चौथ्यात घेतला असेल, तर ती तुलना बाद समजावी. एडी करंट ब्रेक (चुंबकीय ब्रेक) असलेला डायनो रोलरला अडवून धरतो आणि त्या अडवणुकीचे बल लोड सेलने मोजतो. त्यावरचे आकडे बहुधा कमी येतात. हब डायनोत चाके काढूनच जोडणी होत असल्याने टायर घसरण्याचा प्रश्न उरत नाही. एकाच गाडीच्या आकड्यांत यंत्रागणिक दहाएक टक्क्यांचा फरक पडला तर नवल वाटू नये.

मग डायनोवरून कंपनीचा दावा खोटा ठरवताच येत नाही का? येतो, पण एका रनने नव्हे. १९९९ च्या फोर्ड मस्टँग कोब्राची जाहीर शक्ती ३२० अश्वशक्ती होती, आधीच्या वर्षीच्या मॉडेलची ३०५. नव्या गाड्या डायनोवर अपेक्षेपेक्षा कमी भरत असल्याच्या तक्रारी अमेरिकेतील अनेक मालकांनी केल्या. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये फोर्डने विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्या परत बोलावून इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्टचा भाग व इंजिनचा संगणक बदलून दिला. तूट अनेक गाड्यांत सातत्याने दिसली, म्हणूनच त्या आकड्यांना वजन आले.

कागदाच्या कोपऱ्यात ‘एसएई’, ‘एसटीडी’ (हवामानानुसार आकडा दुरुस्त करण्याची दोन मानके) किंवा ‘अनकरेक्टेड’ (दुरुस्त न केलेला) असे बारीक अक्षरांत छापलेले असते आणि माझ्या दृष्टीने सर्वाधिक फसगत तिथेच होते. हवा उष्ण वा विरळ असली की इंजिनला प्राणवायू कमी मिळतो. तो फरक काढून टाकण्यासाठी मोजलेल्या आकड्याला एका गुणकाने गुणतात. एसएई जे१३४९ या मानकात २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९० हेक्टोपास्कल कोरड्या हवेचा दाब गृहीत धरला आहे. ‘एसटीडी’ त्याहून थंड आणि दाट हवा धरत असल्याने त्याच रनचा आकडा सुमारे चार टक्क्यांनी फुगतो. साधारण ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात मे महिन्याच्या दुपारी, ३५ अंशांना, एसएईचा गुणक सुमारे १.१ येतो, म्हणजे चाकांवर मोजलेली १५० अश्वशक्ती कागदावर १६५ होते. टर्बो नसलेल्या इंजिनला हे न्याय्य आहे. टर्बो इंजिनचा संगणक मात्र विरळ हवेतही बूस्टचे (टर्बोने हवेला दिलेल्या जादा दाबाचे) लक्ष्य बऱ्याच अंशी गाठतो, म्हणजे जे फारसे गमावलेच नाही त्याचीही भरपाई त्याला मिळते. कागदावरचे तापमानही पाहावे: हवामानाचा सेन्सर तापलेल्या रेडिएटरजवळ ठेवलेला असेल तर गुणक आपोआप वाढतो.

आता आलेखाकडे वळावे. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात आणि किलोवॅटला १.३६ ने गुणले की मेट्रिक अश्वशक्ती. टॉर्क पाउंड-फुटांत आणि शक्ती ब्रिटिश अश्वशक्तीत असून दोन्ही एकाच मापपट्टीवर असतील, तर त्या रेषा ५२५२ आरपीएमलाच छेदल्या पाहिजेत. तसे दिसत नसेल तर आरपीएमची जोडणी तपासावी. उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो की नाही हेही पाहावे, कारण १०० पासून सुरू केलेल्या अक्षावर पाच अश्वशक्तीची वाढ डोंगराएवढी दिसते. पहिल्या पिढीच्या जीटी८६ मध्ये ३५०० ते ४५०० आरपीएमच्या पट्ट्यात टॉर्कला एक कुप्रसिद्ध खळगा आहे. चांगला एक्झॉस्ट हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि ट्यूनिंग यांनी तो बराच भरून निघतो, पण शिखराचा आकडा त्या मानाने थोडाच वाढतो; केवळ शिखर पाहणाऱ्याला तो खर्च वाया गेला असे वाटेल, रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला मात्र तसे वाटणार नाही. म्हणून गिअर बदलल्यावर इंजिन ज्या आरपीएमवर उतरते तिथपासून रेडलाइनपर्यंतचा (कमाल आरपीएमपर्यंतचा) पट्टा पाहावा.

एकाच गाडीचे लागोपाठचे तीन रनही तंतोतंत जुळत नाहीत. एक-दोन टक्क्यांचा फरक नेहमीचाच असतो, तेव्हा १७० अश्वशक्तीच्या गाडीत एअर फिल्टरने मिळवून दिलेल्या तीन अश्वशक्तींचे पेढे वाटू नयेत. टर्बो गाडीत दर रनला आकडा घसरत गेला तर इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापला आहे आणि समोरचा पंखा अपुरा पडतो आहे असे बहुधा समजावे. बदलाआधीचे आणि नंतरचे रन त्याच यंत्रावर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून आणि शक्यतो त्याच दिवशी घ्यावेत. निघताना छापील कागदाबरोबर मूळ रनची फाइलही मागून घ्यावी, म्हणजे पुढे गुणक काढून किंवा स्मूदिंग (रेषा गुळगुळीत करणे) कमी करून जुन्या आणि नव्या रेषा एकमेकींवर ठेवून पाहता येतात.